एका गायकाची खुशाली



लंडनचे गायक यूसुफ इस्लाम यांच्या गेल्या काही वर्षांतल्या बातम्या एकत्र मांडल्या, तर एखाद्या वडीलधाऱ्याने घरी कळवलेली खुशाली वाचल्यासारखे वाटते. २०२० साली त्यांनी आपलाच पन्नास वर्षांपूर्वीचा 'टी फॉर द टिलरमन' हा अल्बम नव्याने गाऊन काढला. २०२१ मध्ये त्यांच्या 'पीस ट्रेन' या गाण्याचे मुलांसाठी चित्रपुस्तक झाले. २०२३ च्या जूनमध्ये 'किंग ऑफ अ लँड' हा नवा अल्बम आला आणि त्याच महिन्यात, पंचाहत्तरी जवळ आलेली असताना, ते ग्लास्टनबरीच्या मैदानात हजारो लोकांपुढे गायले. गाण्याबरोबर मदतकार्य, मुलांची पुस्तके आणि लहानपणापासूनची चित्रकलेची आवड हेही सारे चालूच.

पण या खुशालीआधी अठ्ठावीस वर्षांचा एक मोठा खंड आहे. आमच्या घरांसाठी खरी गोष्ट तिथे आहे.

१९४८ साली जन्मलेल्या या मुलाचे वडील सायप्रसचे ग्रीक, आई स्वीडनची. लंडनमध्ये त्यांचे रेस्टॉरंट होते आणि कुटुंब त्याच्याच वर राहायचे. कॅट स्टीव्हन्स या नावाने तो विशीच्या आतच प्रसिद्ध झाला. १९६९ मध्ये क्षयाने गाठले आणि कित्येक महिने अंथरुणात गेले. जगण्याविषयीचे प्रश्न तिथे सुरू झाले. पुढे भावाने कुरआनची प्रत भेट दिली. सूरह यूसुफने मनाचा ठाव घेतला. १९७७ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि नंतर यूसुफ हे नाव घेतले.

त्यांना गाणे सोडायला कोणी भाग पाडले, असा अनेकांचा समज आहे. तसे झाले नाही. लंडनच्या मशिदीच्या इमामांनी तर काम चालू ठेवायला सांगितले होते, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. पण त्या धंद्यातल्या पुष्कळ गोष्टी दीनशी जुळत नव्हत्या आणि ते स्वतः नवखे होते. म्हणून त्यांनी ते जग सोडले.

सोडले म्हणून हात रिकामे राहिले नाहीत. १९८३ मध्ये त्यांनी लंडनमध्ये इस्लामिया प्राथमिक शाळा सुरू केली. सरकारी अनुदानासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा चालला आणि १९९८ मध्ये ते मिळाले. ब्रिटनमध्ये असे अनुदान मिळालेल्या पहिल्या मुस्लिम शाळांमध्ये ती होती. पहिली मुलगी झाली तेव्हा अरबी अक्षरे शिकवण्यासाठी त्यांनी एक साधे गीत रचले. पुढे 'ए इज फॉर अल्लाह' या नावाने ते कितीतरी घरांतल्या मुलांना पाठ झाले. १९९५ मध्ये स्वतःच्या 'माउंटन ऑफ लाइट' या संस्थेतर्फे त्यांनी पैगंबरांच्या (स.) जीवनावरचे ध्वनिमुद्रण काढले. आता कोणत्या मोठ्या कंपनीच्या तालावर चालायचे नव्हते. काय म्हणायचे आणि काय नाही, हे तेच ठरवत होते.

मग मुलाने घरात गिटार आणली. एका पहाटे फजरनंतर, घरचे झोपलेले असताना, यूसुफ यांनी ती हातात घेतली. बोटांना जुन्या जागा आठवत होत्या. २००६ मध्ये 'ॲन अदर कप' हा अल्बम आला. गिटार का उचलली, याचा खुलासा त्यांनी २०१४ मध्ये एका छोट्या पुस्तिकेत केला. तो सर्वांना पटला असे नाही.

संगीताबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत. दफ, नात, वाद्य यांच्या मर्यादा प्रत्येक घराने आपल्या भरवशाच्या आलिमांना विचाराव्यात. तो निकाल देण्याचा अधिकार आमचा नाही. पण शिक्षक म्हणून एक गोष्ट आम्ही रोज पाहतो. नातच्या स्पर्धेत सगळ्यांचे डोळे ओले करणारे मूल घरी गुणगुणले की कुठे ओरडा खाते, तर कुठे लगेच मोबाइलसमोर उभे केले जाते. दोन्हीकडे त्या मुलाला कोणी काही विचारलेले नसते.

यूसुफ यांनी सोडताना आणि परत घेताना स्वतःला काही प्रश्न विचारले. आपणही मुलाजवळ बसून तेच विचारावेत. शब्द कोणते आहेत? सोबत कोणाची आहे? नमाज आणि अभ्यास यांची वेळ जाते का? हे कशासाठी करायचे आहे, वाहवेसाठी की आणखी कशासाठी? उत्तरे ऐकून मग हो म्हणावे किंवा नाही म्हणावे. नाही म्हणायचे झाले, तरी त्या गळ्याला दुसरे काम द्यावे. किराअत आहे, हम्द आहे, धाकट्या भावंडांना अक्षरे शिकवणारे गीत आहे.

गळा ही अल्लाहची देणगी आहे. ती कुठे वापरायची याचा विचार मुलासोबत बसूनच करायला हवा.