वण राहू दे म्हणणाऱ्यांसाठी

माझ्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा वण आहे. कुणी विचारलं तर गोळी लागली असं सांगायचा मोह होतो, पण खरं कारण चहा. लडाखमधल्या पोस्टवर बुखारीवर बर्फ वितळवायचं भांडं असतं. पहाटेची ड्यूटी संपवून आलो, बधिर हातांनी ते उचलायला गेलो आणि उकळतं पाणी बाहीत शिरलं. लोकरीच्या बाहीत पाणी मुरतं, त्यामुळे भाजणं चालूच राहतं. एकजण टूथपेस्ट घेऊन धावला, दुसरा म्हणाला बर्फ चोळ. आमच्या नर्सिंग असिस्टंटने दोघांनाही हाकललं, बाही कापली आणि वीस मिनिटं साधं पाणी हातावर ओतत राहिला. पोस्टवर पाण्याची किंमत काय असते हे जो राहिलाय त्यालाच माहीत.

पहिले काही दिवस साधं गॉज होतं. रोज सकाळी ते काढताना खाली आलेली नवी कातडी त्याच्याबरोबर निघायची आणि रक्त यायचं. सलाईनने भिजवून काढलं तरी डोळ्यांत पाणी यायचंच. मग खाली इस्पितळात पाठवलं, तिथे जखमेवर सिलिकॉनचा मऊ थर असलेलं ड्रेसिंग लावलं. ते कोरड्या कातडीला हलकं धरतं, ओल्या जखमेला चिकटत नाही. पहिल्यांदा बदललं तेव्हा मी दात आवळून बसलो होतो, आणि सिस्टर म्हणाल्या, "निघालं पण." जखम उघडी ठेवून सुकवावी, खपली धरली की झालं, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. खरं तर ओलाव्यात जखम लवकर भरते, हे 1962 साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं. आमच्या घरापर्यंत ते अजून पोचलेलं नाही. आई अजूनही आधी हळदीचा डबा काढते.

जखम महिन्याभरात भरली आणि इथेच सगळ्यांचं लक्ष संपलं. माझंही. डिस्चार्ज देताना पुढे काय होईल हे कुणी सांगितलं नाही. सुट्टीवर गेलो तेव्हा वण लाल होऊन दोरीसारखा वर आला होता. खाज अशी की रात्री झोप नाही. काका फौजेतूनच रिटायर. म्हणाले, "वण म्हणजे जवानाचा दागिना, त्याचं काय एवढं!" मला मात्र वेगळीच भीती वाटत होती. हात पूर्ण सरळ होत नव्हता. चेहऱ्यावरच्या डागाने कुणाची मेडिकल कॅटेगरी खाली येत नाही. न उघडणाऱ्या कोपराने येऊ शकते, आणि मग प्रमोशनही अडतं. दागिन्याने पोट भरत नाही.

सिलिकॉनची पट्टी मला तेव्हा मिळाली, आणि ती ड्रेसिंगपेक्षा वेगळी वस्तू आहे. लोक इथेच घोळ घालतात. ड्रेसिंग उघड्या जखमेसाठी असतं. पट्टी जखम पूर्ण मिटल्यावरच लावायची, एक कोपरासुद्धा ओला असेल तर नाही. दिवसात किमान बारा तास ठेवायची, रोज सौम्य साबणाने धुवायची, वाळवायची, पुन्हा लावायची. हे दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त. सिलिकॉन कातडीत शिरून काही करतं असं मला वाटायचं, पण तसं नाही. नव्या वणातून पाणी जास्त उडून जातं. पट्टी ते उडू देत नाही, ओलावा टिकतो आणि खाली तंतू रचण्याची घाई थोडी कमी होते, असं डॉक्टरसाहेबांनी सांगितलं.

पुढची पोस्टिंग राजस्थानात निघाली. मे महिन्यात पट्टीखाली घामाच्या पुटकुळ्या उठल्या. दोन दिवस काढून ठेवली, मग दिवसा ट्यूबमधलं सिलिकॉन जेल आणि रात्री पंख्याखाली पट्टी, असं चालवलं. बाही खाली ठेवायची, कारण कोवळ्या वणावर ऊन लागलं की तो काळा पडतो.

मी जाहिरात करत नाहीये. कोपर सरळ झाला तो रोजच्या ताणण्याच्या व्यायामाने, पट्टीने नाही. पट्टीने खाज गेली आणि वण मऊ होऊन खाली बसला. निदान मला तसं वाटतं. वण वर्ष-दीड वर्ष आपोआपही बदलत असतो, त्यामुळे श्रेय कुणाला किती द्यायचं हे सांगणं अवघड. यावरचे अभ्यासही फार भक्कम नाहीत. बॅरकमधल्या एका केरळच्या मित्राच्या छातीवर केलॉइड होता, म्हणजे मूळ जखमेची हद्द सोडून पसरणारा वण. त्याला नुसत्या पट्टीने फरक पडला नाही, स्टेरॉइडची इंजेक्शनं घ्यावी लागली.

तरीही माझं म्हणणं आहे की हे "ब्यूटी पार्लरचं काम" समजून हसण्यावारी नेऊ नये. तीन आठवड्यांत न भरलेली भाजल्याची जखम पुढे जाड वण देण्याची शक्यता मोठी असते, हे डॉक्टरांना माहीत असतं. मग जखम मिटते त्या दिवशीच जवानाला पाच मिनिटं बसवून हे सांगायला काय हरकत आहे? सांध्यावर भाजलेल्याला तर व्यायाम लिहूनच द्यावा. मला सगळं कळलं तोवर तीन महिने गेले होते, आणि तेही एका साहेबांनी सहज हात बघितला म्हणून.

सध्या आमच्या लंगरमधल्या एका पोराचं मनगट तेलाने भाजलंय. माझं ऐकून त्याने आधीच पट्टी मागवून ठेवली. काल लावायला निघाला होता. अंगठ्याजवळ अजून बोटाच्या पेराएवढी जागा ओली आहे. पट्टी काढून घेतली आणि माझ्या ट्रंकेत ठेवली. रोज संध्याकाळी रोलकॉलनंतर येऊन हात दाखवतो.