मालाची नव्हे, नाक्याची सत्ता

१/ मायक्रोसॉफ्टचा इतिहास 'उत्तम मालाचा विजय' म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो जकात नाक्याचा इतिहास आहे. ज्याच्या हाती नाका, त्याच्या हाती पेठ.

२/ १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीसोबत एमएस-डॉस आली. ती इतर संगणक-उत्पादकांनाही देण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे राखला होता. नाका उभा राहिला तो इथेच.

३/ डॉसच्या काळात आकडेमोडीत लोटस १-२-३ आणि लेखनात वर्डपरफेक्ट यांचे वर्चस्व होते. पेठ विंडोजकडे वळली, तेव्हा एक्सेल आणि वर्ड तिथे आधीच दुकान मांडून बसले होते.

४/ १९९५ मध्ये नेटस्केपविरुद्ध इंटरनेट एक्सप्लोरर उतरला, तोही फुकट. १९९८ मध्ये अमेरिकी सरकार न्यायालयात गेले. कंपनीच्या विभाजनाचा २००० मधील आदेश अपिलात टिकला नाही. मक्तेदारी बेकायदा मार्गांनी राखल्याचा निष्कर्ष मात्र टिकला.

५/ मग स्मार्टफोन आला. गूगलने अँड्रॉइड विनाशुल्क दिली. २०१४ मध्ये नोकियाचा फोन-व्यवसाय विकत घेऊनही मायक्रोसॉफ्टचा निभाव लागला नाही. इथे नाका दुसऱ्याचा होता.

६/ क्लाउडमध्ये ॲमेझॉन आधी पोहोचले होते. तिथे अझूरने लिनक्सलाही जागा दिली. हे हृदयपरिवर्तन म्हणावे, तर ऑफिससोबत टीम्स जोडल्याबद्दल २०२० मध्ये स्लॅकने युरोपीय आयोगाकडे तक्रार केलीच.

७/ म्हणून मित्रहो, कंपनीची नियत तपासू नका. नाका कोणाचा, ते पाहा. कायद्याची नजर तिथेच हवी, आणि पेठ वळण्यापूर्वी हवी. नेटस्केपला निकाल मिळाला, पेठ परत मिळाली नाही.