रडारवरील ठिपके आणि लष्करी निकाल

उडत्या तबकड्यांचा विषय निघाला कीं सुशिक्षित मंडळींत दोन तट पडतात. एका तटास आकाशांत हलणारा प्रत्येक दिवा परग्रहावरून आलेला वाटतो. दुसरा तट त्याला हंसतो, आणि असल्या गोष्टींचा निकाल अमेरिकन लष्करानें केव्हांच लावला आहे असें सांगून वर्तमानपत्राचें पान उलटतो. पहिल्या तटाशीं वाद घालण्यांत आम्ही शाई खर्च करणार नाहीं. आमचें भांडण दुसऱ्याशीं आहे. कारण तो स्वतःस विज्ञाननिष्ठ म्हणवितो, आणि तो निकाल कसा लावला गेला हें मात्र पाहावयास तयार नसतो.

१९५२ च्या जुलै महिन्यांत वॉशिंग्टन येथें काय घडलें तें पाहावें. १९ तारखेच्या रात्रीं, बारा वाजण्यास वीस मिनिटें असतां, तेथील राष्ट्रीय विमानतळावरील रडारच्या पडद्यावर सात ठिपके उमटले. विमानांच्या नेहमींच्या मार्गांवर ते नव्हते. मनोऱ्यांतील दुसऱ्या रडारवरही ते दिसले. कांहीं वैमानिकांनीं दिवे पाहिल्याचें कळविलें. डेलावेअरमधून लढाऊ विमानें यावयास पहांटेचे तीन वाजले, आणि तीं पोंचण्याच्या सुमारास ठिपके नाहींसे झाले. विमानें परतलीं, तों ठिपके पुन्हा हजर! पुढच्या शनिवारीं, २६ तारखेस, हाच प्रकार पुन्हा झाला. २९ तारखेस विमानदलाच्या गुप्तवार्ता-विभागाचे प्रमुख मेजर जनरल सॅमफर्ड यांनीं पत्रकारांस बोलाविलें. महायुद्धानंतर विमानदलानें भरविलेली इतकी मोठी पत्रकारसभा दुसरी झाली नव्हती.

त्या सभेंत पुढें आलेलें कारण असें. एरव्हीं उंचीबरोबर हवा थंड होत जाते. परंतु उन्हाळ्याच्या कांहीं रात्रीं जमिनीलगतची हवा थंड व तिच्यावरील थर उष्ण, असा उलटा क्रम पडतो. मग रडारच्या लहरी वांकून जमिनीवरील वस्तूंवर आदळतात व परत येतात, आणि आकाशांत नसलेली वस्तु पडद्यावर दिसूं लागते. हें कारण भौतिकशास्त्रास धरून आहे, आणि वॉशिंग्टनचे पुष्कळसे ठिपके असेच असावेत, असें आमचेंही मत आहे. १९५३ सालीं नागरी विमानखात्याच्या दोघां तज्ज्ञांनीं अशा ठिपक्यांचा रीतसर अभ्यास केला, तेव्हां ते वाऱ्याच्या दिशेनें, पण वाऱ्याच्या सुमारें दुप्पट वेगानें सरकतात असें त्यांस आढळलें. उष्ण थरावरून होणाऱ्या परावर्तनाशीं हें जुळतें.

परंतु हा अभ्यास मागाहूनचा आहे. दुसऱ्या प्रसंगास तीन दिवसही उलटले नव्हते, तोंच पत्रकारांच्या हातीं कारण पडलें होतें. त्या वेळीं चौकशीचें काम ज्यांच्याकडे होतें त्या कॅप्टन रुपेल्ट यांनींच १९५६ च्या आपल्या पुस्तकांत लिहिलें आहे कीं, त्या उन्हाळ्यांत असा उलटा क्रम वॉशिंग्टनवर जवळजवळ रोज रात्रीं होता. ठिपके मात्र मोजक्याच रात्रीं उमटले. या आक्षेपाला उत्तर असेल, नसेलही. पण तो विचारला जाण्यापूर्वींच देश निश्चिंत होऊन झोंपला होता, आणि तेवढेंच साधावयाचें होतें.

हें आम्ही तर्कानें म्हणत नाहीं. १९५३ च्या जानेवारींत सी. आय. ए. या गुप्तवार्ता-संस्थेनें प्राध्यापक रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखालीं शास्त्रज्ञांची एक समिति बसविली. मंडळी नामांकित, लुई अल्व्हारेझ यांना तर पुढें नोबेल पारितोषिक मिळालें. काम कांहीं दिवसांतच आटोपलें. असल्या वार्तांच्या गर्दीनें लष्कराचे संदेशमार्ग तुंबतील, ही समितीची मुख्य चिंता. लोकांच्या मनांतील गूढ प्रसारसाधनांकरवीं घालवावें आणि या विषयाच्या खासगी मंडळांवर नजर ठेवावी, ही तिची शिफारस. त्याच वर्षीं विमानदलाचा नियम झाला कीं, ज्या घटनांचा उलगडा झाला त्यांविषयींच लोकांशीं बोलावें. ज्यांचा झाला नाहीं त्यांविषयीं मौन! आमच्या विद्यापीठांनीं उत्तीर्णांचीच यादी छापून नापास कोणी होतच नाहीं असें जाहीर केलें, तर पालक काय म्हणतील?

१९६९ सालीं ही चौकशी बंद झाली. एकूण नोंदी १२,६१८; त्यांपैकीं ७०१ शेवटपर्यंत अनिर्णीत. कोलोरॅडो विद्यापीठांत कॉन्डन यांच्या देखरेखीखालीं झालेल्या अभ्यासानें, या विषयांतून शास्त्राच्या पदरांत कांहीं पडावयाचें नाहीं, असा अभिप्राय ग्रंथारंभींच दिला. त्याच ग्रंथांत पुढें इंग्लंडांतील लेकनहीथ येथील १९५६ च्या रडार-नोंदीचा उलगडा होत नाहीं असें म्हटलें आहे. पण तेथवर वाचतो कोण?

लष्कराला शोध घेतांच येत नाहीं, असें मात्र नव्हे. महायुद्धाच्या काळीं ब्रिटिश रडारवर समजुतीपलीकडचे प्रतिध्वनि उमटत. पुढें त्यांस गमतीनें देवदूत म्हणूं लागले. त्या वेळीं सैन्याच्या संशोधन-विभागांत असलेल्या लॅक व व्हार्ली या दोघां प्राणिशास्त्रज्ञांनीं त्यांतले पुष्कळ प्रतिध्वनि पक्ष्यांचे आहेत असें दाखविलें, व १९४५ सालीं तें 'नेचर' पत्रांत प्रसिद्ध केलें. पक्ष्यांच्या स्थलांतराच्या अभ्यासास त्यांतून एक नवें साधन मिळालें. तेथें खोट्या इशाऱ्यानें विमानें व्यर्थ उडवावीं लागत, म्हणून खरें उत्तर हवें होतें. वॉशिंग्टनमध्यें शांतता हवी होती.

२०२१ सालीं अमेरिकन सरकारनें पुन्हा अहवाल काढला: १४४ घटना, आणि खात्रीनें उलगडली ती एक, हवा जाणारा फुगा! पुढच्या वर्षीं संरक्षण खात्यानें यासाठीं निराळी कचेरी उघडली. परग्रहवासीयांचा कसलाही पुरावा नाहीं, असें तिनें २०२४ मध्यें सांगितलें. आम्हांसही तसेंच वाटतें. परंतु आमच्या वाटण्यास किंमत किती? उपकरणांच्या मूळ नोंदींपैकीं बराच भाग गुप्त आहे, कारण त्यांवरून यंत्रांची ताकद शत्रूस कळेल. सैन्याला गुपितें असावयाचींच, हें आम्ही मान्य करितों. तर मग त्या कचेरीच्या अहवालास सरकारी निवेदन म्हणावें. आणि आमच्या विज्ञाननिष्ठ मित्रांनीं तो पुरावा म्हणून आमच्या तोंडावर फेंकूं नये.