ताटातला पंक्तिभेद

मी जन्माने आणि आवडीने मांसाहारी आहे. बदलापूरजवळच्या आगरी घरात वाढलेल्या माणसाने हे वेगळे सांगण्याचे कारण नाही. पहिल्या पावसात शेतात चढणारे वळगणीचे मासे, कांद्यावर परतलेले सुकट, तांदळाची भाकरी आणि सणावारी मटणाचा रस्सा यांवर हे शरीर पोसले गेले. अशा माणसाला गेल्या महिन्यात उल्हासनगरातील एका उंची शाकाहारी उपाहारगृहात जेवावयास जावे लागले. तेथे जे खाल्ले त्याविषयी माझी तक्रार नाही. जे पाहिले त्याविषयी मात्र कार्यकर्त्यांशी बोलावे असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

निमंत्रण चळवळीतील एका जुन्या सहकाऱ्याचे होते. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त चिरंजीवांनी हे जेवण योजले होते. हे सहकारी आजन्म शाकाहारी. परंतु चाळीस वर्षे आम्ही एकाच पंगतीला बसत आलो. शिबिरांत त्यांच्या पानात पिठले असे, माझ्या पानात रस्सा असे आणि दोघांच्या मध्ये भाकरीची चवड एकच असे. माझ्या पानाकडे पाहून त्यांनी कधी नाक मुरडले नाही, की त्यांच्या पिठल्याची मी कधी टिंगल केली नाही. त्यांच्या आग्रहापुढे माझ्या जिभेची कुरकुर चालणे शक्य नव्हते.

आधी जेवणाविषयी. दाल-पकवान उत्तम होते. कमळकाकडीची सिंधी पद्धतीची भाजी तर अशी होती की मी ती दोनदा मागून घेतली. शाकाहारी जेवण म्हणजे आजाऱ्याचे जेवण, हा माझ्यासारख्या अनेकांचा पूर्वग्रह निव्वळ अज्ञानातून आलेला आहे, हे कबूल केले पाहिजे. गंमत वाटली ती पदार्थांच्या यादीची. तिच्यात कच्च्या फणसाचे कबाब होते, सोयाबीन आणि मैदा काडीला गुंडाळून केलेले ‘चाप’ होते. मांस वर्ज्य, पण मांसाचे नाव आणि आकार मात्र हवेत! आमच्या कोकणात फणसाची भाजी फणसाची म्हणूनच खाल्ली जाते. तिला बोकडाचे सोंग घ्यावे लागत नाही.

परंतु प्रश्न सोंगाचा नाही. प्रश्न दारावरच्या पाटीचा आहे. तिच्यावर ‘शाकाहारी’ एवढाच शब्द असता तर ती ग्राहकाला दिलेली माहिती ठरली असती. तिच्यावर ‘शुद्ध शाकाहारी’ असे आहे, आणि या ‘शुद्ध’मध्ये सगळी मेख आहे. एका ताटाला शुद्ध म्हटले की दुसरे ताट आपोआप अशुद्ध होते. आणि ताट अशुद्ध ठरले की ते खाणारा माणूसही फार काळ शुद्ध राहत नाही. सोवळ्या-ओवळ्याची जुनी भाषा वातानुकूलित दालनात, गुळगुळीत कागदावर छापून परत आली आहे, एवढाच याचा अर्थ.

आणि ही पाटी कोणत्या गावात लागली आहे? फाळणीनंतर सिंधमधून उखडले गेलेले हजारो निर्वासित कल्याणजवळच्या ओसाड लष्करी छावणीत येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली आणि तिचे उल्हासनगर झाले. या लोकांनी सिंधू नदी मागे ठेवली, पण तिची आठवण बरोबर आणली. त्यांचे दैवत झुलेलाल अनेक चित्रांत पल्ला माशावर आरूढ झालेले दिसते. सिंधी घरांत साई भाजी आणि कढी जितक्या प्रेमाने होते, तितक्याच प्रेमाने मासळी आणि मटणही शिजते. ज्या नगरीचे दैवतच माशावरून आले, त्या नगरीत मासा अशुद्ध ठरावा, याला काय म्हणावे?

शेजारचे अंबरनाथ कारखान्यांवर वाढले. मीही तिथल्या एका कारखान्यात उमेदीची वर्षे घालवली. दुपारच्या सुट्टीत डबे उघडले की साऱ्या देशाचा वास एकत्र येई. कुणाची सुक्या बोंबलांची चटणी, कुणाचा सांबार-भात, कुणाचे लिट्टी-चोखे. ज्याला वास सहन होत नसे तो जरा बाजूला बसे. पण दुसऱ्याने डबा बंद करावा अशी मागणी कुणी केल्याचे मला आठवत नाही. एकत्र राबणाऱ्यांना एकमेकांच्या अन्नाशी जुळवून घ्यावेच लागते, आणि त्या जुळवून घेण्यातूनच संघटना उभी राहते.

त्या उपाहारगृहात माझ्या मनाला लागलेली गोष्ट शेवटी घडली. वाढणारा तरुण मुरबाडकडचा निघाला. ओळख निघाली तशी मी त्याला सहज विचारले, “बाबा, तू दुपारी इथेच जेवतोस ना?” तो हळूच म्हणाला, “जेवतो काका, पण घरचा डबा आत आणता येत नाही. अंडंसुद्धा चालत नाही.” म्हणजे ज्याचे हात त्या ताटांना वाढावयास चालतात, त्याच्या आईने केलेले सुकट त्या दारातून आत येण्यास चालत नाही! बिलाची रक्कम मी ओझरती पाहिली. आमच्या घरी तेवढ्यात आठवड्याचा बाजार झाला असता. पैशाने विकत घेतलेली ही शुद्धता ज्यांच्या श्रमांवर उभी आहे, त्यांनाच ती उंबऱ्याबाहेर ठेवते.

कोणी म्हणेल, एका उपाहारगृहाच्या मालकाने काय विकावे हे त्याने ठरवावे. मान्य. त्याने मांस विकावे असा माझा आग्रह नाही. पण हा विचार उपाहारगृहाच्या भिंती ओलांडून केव्हाच बाहेर आला आहे. बदलापूर-अंबरनाथच्या नव्या संकुलांत माझा भाचा भाड्याने घर शोधीत होता, तेव्हा पगाराच्या आधी त्याला विचारले गेले की घरात मासे शिजवता का. शेजारच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेने २०२५ मध्ये १९८८च्या ठरावाचा हवाला देऊन १५ ऑगस्ट रोजी मांसविक्रीची दुकाने चोवीस तास बंद ठेवण्याचा आदेश काढला. राज्याच्या तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनीही अशी बंदी योग्य नसल्याचे म्हटले. स्वातंत्र्यदिनी नागरिकाच्या ताटावर बंदी, आणि हातावर पोट असलेल्या विक्रेत्याची एका दिवसाची कमाई बुडीत, असा हा स्वातंत्र्याचा उत्सव!

याहून गंभीर गोष्ट मुलांची आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे ठरवले. जी मुले अंडे खात नाहीत त्यांच्यासाठी फळाची सोय होती. म्हणजे सक्ती कुणावरच नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवण्यात आला आणि शाळांनी हवे तर लोकसहभागातून सोय करावी असे सांगण्यात आले. कारण पैशाचे दिले गेले. पण अंड्याला विरोध कोणत्या गोटांतून होत होता हे सर्वांना ठाऊक आहे. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. उंची उपाहारगृहात पनीर मागवणाऱ्याच्या मुलाचे त्यावाचून काही अडत नाही. बदलापूरच्या मागे डोंगरात राहणाऱ्या ठाकूर-कातकऱ्यांच्या मुलाचे अडते. तिथल्या शाळेने लोकसहभाग कोणत्या लोकांकडून आणावा?

अहिंसेचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. ज्याला प्राण्याचा जीव घेणे सहन होत नाही, त्याच्या भावनेपुढे मी नम्र आहे. पशुपालनाचा पृथ्वीवर पडणारा भारही खोटा नाही. पण शाकाहाराचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता कसा वागला ते पाहावे. गांधीजींनी विद्यार्थिदशेत लंडनला शाकाहारी मंडळात हिरिरीने काम केले, आणि तरीही जुलै १९४७ मध्ये प्रार्थनासभेत त्यांनी स्पष्ट केले की गोवधबंदी कायद्याने लादता येणार नाही, कारण हा देश केवळ हिंदूंचा नाही. स्वतःवर घातलेले बंधन म्हणजे व्रत. तेच दुसऱ्यावर घातले की जुलूम होतो. शिवाय २०१४ च्या शासकीय नमुना पाहणीत पंधरा वर्षांवरील ७० टक्क्यांहून अधिक भारतीय मांसाहारी असल्याचे दिसले. अल्पसंख्यांची आवड बहुसंख्यांचा धर्म म्हणून मिरवली जात आहे.

आपल्या बाजूचाही एक दोष सांगितला पाहिजे. बंदीचा आदेश निघाला की चौकात मटणाच्या मेजवान्या झोडून दाखवण्याचा मोह आपल्याला होतो. त्यात मर्दुमकी गाजवल्याचे समाधान मिळते, पण खाटकाची बुडालेली कमाई त्यातून परत येत नाही. आणि मटणाच्या घरांतही पंक्तिभेद असतोच. चांगले तुकडे पुरुषांच्या पानात आणि तळाचा रस्सा रांधणारीच्या वाट्याला, हे आपण आपापल्या घरी पाहिलेले आहे.

समतानंद अनंत हरी गद्रे यांचे स्मरण अशा वेळी उपयोगी पडते. १९४०च्या दशकात त्यांनी झुणका-भाकरीची सहभोजने घडवून आणली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या दांपत्याला पूजेचा मान आणि प्रसाद म्हणून सर्व जातींनी एकत्र बसून झुणका-भाकर खाणे, असा तो कार्यक्रम असे. ते ताट पूर्ण शाकाहारी होते. पण त्याने माणसे जोडली, कारण ते ‘शुद्ध’ नव्हते. ते सर्वांचे होते. पानात काय आहे यापेक्षा पानाशेजारी कोण बसू शकतो, हा समाजवाद्यांचा प्रश्न आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी हाती घ्याव्यात. आपल्या भागातील शाळांत अंड्याचा निधी पुन्हा मिळावा यासाठी पालकांच्या सह्या गोळा कराव्यात. अन्नावरून घर नाकारले जाईल तिथे भाडेकरूच्या पाठीशी उभे राहावे. हॉटेल कामगारांच्या मागण्यांत वेतन आणि कामाच्या तासांबरोबर घरचा डबा खाण्याचा हक्क आणि त्यासाठी स्वतंत्र जागा, ही मागणी घालावी.

बाहेर पडताना मी त्या तरुणाची हकीकत सहकाऱ्यांना सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “पुढच्या वर्षी माझा वाढदिवस तुमच्या ओटीवर करू. मला पिठले करा, बाकी सर्वांना जे हवे ते करा. आणि त्या मुलालाही बोलवा.” त्याचा पत्ता मी घेऊन ठेवला आहे.