फोन कुणाचा बंद हवा?

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर 'मोबाईल बंद ठेवा' अशी पाटी असते. ती कुणासाठी? पेशंट आणि नातेवाइकांसाठी. आत डॉक्टरांचा मोबाईल वाजतच असतो!

सोलापुरातल्या विडी कामगार बायकांबरोबर मी तपासणीला जाते. पोटावरून यंत्र फिरते आहे आणि डॉक्टर फोनवर बोलताहेत, हे मी अनेकदा पाहिले आहे. मध्येच दार उघडून कुणी सही मागते. बाई तशीच उघडी पडलेली. तिने 'बाळ कसं आहे?' विचारले, तर 'मध्ये बोलू नका, लक्ष लागत नाही!' मैत्रिणींनो, लक्ष उडवते कोण?

हा निव्वळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. १८ ते २० आठवड्यांच्या तपासणीत बाळाचा मेंदू, पाठीचा कणा, हृदयाचे कप्पे, मूत्रपिंडे एकेक करून पाहायची असतात. बाळ हलते, हवा तो कोन क्षणभरच मिळतो. तेवढ्यात नजर हटली तर व्यंग सुटू शकते. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, तरी २४ आठवड्यांची मुदत ठरावीक स्त्रियांनाच आहे. त्यापुढे गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळापुढे जावे लागते. दुर्लक्ष डॉक्टरांचे, दिवस मात्र बाईचे जातात. पुन्हा तपासणीला यायचे तर त्या दिवशी विड्या वळून होत नाहीत, आणि मजुरी तर हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते.

'गर्दी फार, डॉक्टर कमी,' असे उत्तर मिळते. ते खरेही आहे. मग डॉक्टर वाढवा! तुटवडा आमच्या मिनिटांतून का भरून काढता? विमान १० हजार फुटांखाली असताना वैमानिकांनी कामाबाहेरचे बोलू नये, असा नियम अमेरिकेत १९८१ पासून आहे. आकाशात गर्दी आहे म्हणून तो कुणी सैल करत नाही.

आणखी एक व्यत्यय आपल्या घरातून येतो. 'डॉक्टर, पेढे की बर्फी?' असे सासरची माणसे हळूच विचारतात. या प्रश्नाविरुद्ध स्त्री चळवळ लढली, म्हणून महाराष्ट्रात १९८८ चा कायदा झाला, पुढे १९९४ चा केंद्राचा. त्यामुळेच 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी प्रत्येक केंद्रात लावावी लागते.

आता तिच्याशेजारी दुसरी पाटी हवी. तपासणी चालू असताना डॉक्टरांचा फोन खोलीबाहेर राहील. दार बंद राहील. सह्या आणि फॉर्म आधी किंवा नंतर. सोबत कोण असावे हे बाई ठरवेल. आणि तपासणी संपल्यावर काय दिसले ते तिलाच सांगितले जाईल, मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, तिला कळेल त्या भाषेत.

आपापल्या गावातल्या केंद्रांत चौघीजणी मिळून जा आणि ही मागणी लेखी द्या. यंत्र मुलींच्या जिवावर उठले तेव्हा आपण गप्प बसलो नाही. आईकडे न बघता ते फिरवले जाते, तेव्हा तरी का बसायचे?