चार फुटांवरून

गेल्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे एखाद्या जुन्या पेढीचे छायाचित्र मागितले होते. मी ते दिले नाही. ‘जमले नाही’ एवढेच कळवले. वस्तुतः छायाचित्र उत्तम जमले होते आणि अडचण नेमकी तीच होती. वाचकांची ती थकबाकी आज चुकती करतो.

निवृत्तीनंतर सांगलीच्या गणपती पेठेतून सकाळी फेरी मारताना मी खिशात एक लहान कॅमेरा बाळगतो. रिकोह जीआर ३ हे त्याचे नाव. बॅटरी व कार्डासह वजन २५७ ग्रॅम. भिंग कायमचे जडवलेले. ते बदलता येत नाही आणि त्याला झूमही नाही. ‘एवढे पैसे मोजून झूमसुद्धा नाही?’ हा चिरंजिवांचा प्रश्न हिशेबाला धरूनच होता. या मालिकेतील पहिला कॅमेरा १९९६ साली आला, तोही फिल्मचा. २००५ मध्ये त्याचे डिजिटल रूप निघाले. जपानचे विख्यात छायाचित्रकार दाइदो मोरियामा यांनी टोकियोचे रस्ते याच मालिकेतील कॅमेऱ्यांनी टिपले, हे मी चिरंजिवांना सांगितले. त्यांचे समाधान झाले नाही.

झूम नसण्याचा परिणाम असा, की पुढे जायचे ते आपल्या पायांनी. हे भिंग रुंद दृश्य घेणारे, जुन्या फिल्मच्या मापाने २८ मिलिमीटरचे. माणूस चौकटीत ठसठशीत यावा असे वाटत असेल तर त्याच्यापासून चार-पाच फुटांवर उभे राहावे लागते. इतक्या जवळून चोरून छायाचित्र घेणे मला तरी साधत नाही. आधी क्षेमकुशल विचारावे लागते, चहाला नाही म्हणता येत नाही, आणि तोवर हमाल, दिवाणजी, शेठजी सारेच कॅमेऱ्याला विसरतात. दूरच्या भिंगाने हे कधीच घडले नसते.

दुसरी सोय ‘स्नॅप फोकस’ची. अंतर आधीच दोन मीटरवर बांधून ठेवायचे, ॲपर्चर एफ ८ वर आणायचे. मग सुमारे एक मीटरपासून पेठेच्या पुढच्या वळणापर्यंत सारे स्पष्ट येते. बटण एकदम पूर्ण दाबले की कॅमेरा फोकस शोधत बसत नाही. पोते खांद्यावर घेणारा हमाल त्या अर्ध्या क्षणासाठी थांबत नसतो, म्हणून हे महत्त्वाचे. (एक उणीवही सांगून ठेवतो. भिंग आत-बाहेर सरकते आणि यंत्र हवाबंद नाही. मिरचीच्या वखारीत ते उघडू नये; मी एकदा उघडले होते.)

त्या दिवशी एका किराणा पेढीवर वृद्ध दिवाणजी खतावणी लिहीत बसले होते. लाल कापडी बांधणीची वही, गादी, बाजूला तक्क्या, दारातून तिरपा आलेला उजेड. शेठजी म्हणाले, “काढा की साहेब, दिवाळी अंकात आमची पेढी येऊ द्या.” दिवाणजींनी मान वर केली नाही. त्यांचे बोट एका ओळीवर टेकलेले होते. मी चार फुटांवरून बटण दाबले.

रात्री संगणकावर ते मोठे करून पाहिले. २४ मेगापिक्सेलचे चित्र. दिवाणजींच्या पापण्या मोजता याव्यात इतके स्वच्छ. आणि तितकेच स्वच्छ ते पान. उधारीची नावे, पुढे रकमा, काहींपुढे मागील तारखा. त्यांतील तीन नावे माझ्या ओळखीची निघाली. एक गृहस्थ तर या मासिकाचे जुने वर्गणीदार आहेत.

बँकेत रुजू होताना गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर केलेली सही निवृत्तीबरोबर पुसली जाते, असे मला कधी वाटले नाही. मी पान पुसट करून पाहिले. दिवाणजींचे बोट धुक्यावर टेकल्यासारखे दिसू लागले. शिवाय मूळ चित्र माझ्या घरी राहणारच. दुसऱ्याच्या खतावणीची नक्कल स्वतःच्या कपाटात ठेवण्याचा मला काय अधिकार? बऱ्याच वेळाने संगणकावरचे आणि कार्डावरचे, दोन्ही पुसले. इतके चांगले छायाचित्र मला त्याआधी साधले नव्हते, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी शेठजींना सारे सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले. मग दिवाणजींना म्हणाले, “अण्णा, वही मिटा जरा. साहेबांना पुन्हा काढू दे.” दिवाणजींनी वही मिटली, टोपी सारखी केली आणि मिटल्या वहीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे ताठ नजरेने पाहत बसले. चित्र अगदीच बेताचे आले. अंकाला पाठवण्याजोगे नव्हते. त्यांच्या नातवाने मात्र त्याची मोठी प्रत मागून नेली.