नकाशावर रेघ कोण मारतं?

दोस्तांनो, १३ मे २०२४. सोमवार. त्या दिवशी जळगावला लोकसभेचं मतदान, मुंबईला २० तारखेला. मी गोदीत हमाली करतो, पण माझं नाव अजून मेहरूणच्या यादीत. मुकादमाला म्हटलं, दोन पाळ्या सोडतो, मत टाकून येतो. तो हसला. म्हणाला, "तुझ्या एका मतानं काय जहाज बुडणार हाये का?" मी रात्रीची गाडी धरली. दोन पाळ्यांची मजुरी गेली, तिकीट वेगळं.

मेहरूणच्या शाळेत रांग लावली, बोटाला शाई लावून घरी आलो. तेवढ्यात भुसावळहून आत्याचा फोन. कोणाला टाकलं म्हणे. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "हा आमच्याकडे उभाच नाही रे भो. आम्ही रावेरमधले."

च्यायला, माहीत होतं, पण डोक्यात घुसलं नव्हतं. मेहरूण ते भुसावळ पंचवीसेक किलोमीटर. आत्या सकाळच्या गाडीनं जळगावला येते, बाजार करते, दुपारी परत जाते. लग्न-मयत एक, बुद्धविहार एक, १४ एप्रिलची वर्गणी एक. पण साकेगाव आलं की भुसावळ तालुका, आणि तालुका बदलला की खासदारही बदलला. ही रेघ आमच्या घरातून जाते. कोणी मारली? कोणाला विचारून?

आजचा जळगाव मतदारसंघ म्हणजे जळगाव शहर, जळगाव ग्रामीण, अमळनेर, एरंडोल, चाळीसगाव, पाचोरा. रावेर म्हणजे चोपडा, रावेर, भुसावळ, जामनेर, मुक्ताईनगर आणि वर बुलढाणा जिल्ह्यातलं मलकापूर. ही मांडणी २००८ ची. त्याआधी जिल्ह्यात जळगाव आणि एरंडोल असे मतदारसंघ होते. २००८ ला एरंडोलचं लोकसभेतलं नाव पुसलं गेलं. विधानसभेचे पारोळा, यावलही गेले. त्या जागेवरून लढायचं म्हणून जन्मभर झिजलेला कार्यकर्ता एका सकाळी उठतो आणि त्याची जागाच नसते!

नावं तर अशी बदलत आली. पूर्व खानदेश जिल्ह्याचं नाव जळगाव झालं १९६० ला. १९५२ ला जळगावातून काँग्रेसचे हरि विनायक पाटसकर निवडून आले. हिंदू कोड बिलापायी बाबासाहेबांनी १९५१ ला मंत्रिपद सोडलं. पुढं त्याच बिलाचे तुकडे करून १९५५-५६ ला ते संसदेतून पार नेले, तेव्हा कायदा खात्याचा मंत्री म्हणून उभा राहिला तो जळगावचा खासदार. आम्हाला शाळेत हे कुणी सांगितलं नाही. १९५७ ला मतदारसंघ 'पूर्व खानदेश' या नावानं लढवला गेला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत मुंबईचे वकील नौशीर भरूचा निवडून आले. मुंबईचा पारशी माणूस खानदेशाचा खासदार! गाव, जात, गोत न बघता लोकांनी प्रश्न बघून मत दिलं, असंही झालेलं आहे. आणि २३ डिसेंबर २००५ ला प्रश्न विचारायचे पैसे घेतले म्हणून लोकसभेनं १० खासदारांना काढून टाकलं. त्यात जळगावचा एक आणि एरंडोलचा एक. आपले प्रश्न विचारायला पाठवलेली ही माणसं. आमच्या वस्तीतल्या नळाचा प्रश्न विचारायला मात्र कुणी पैसे दिले नसावेत.

आता रेघेकडे येतो. रेघ आपोआप पडत नाही. २००२ च्या कायद्यानं परिसीमन आयोग नेमला, न्यायमूर्ती कुलदीप सिंग त्याचे अध्यक्ष. शिरगणती धरली २००१ ची. प्रत्येक राज्यातले ५ खासदार आणि ५ आमदार आयोगाचे सहयोगी सदस्य. त्यांना मताचा अधिकार नाही, पण बसायला खुर्ची आणि बोलायला तोंड आहे. मसुदा छापतात, हरकती मागवतात, जाहीर सुनावणी घेतात. मग शेवटचा हुकूम निघतो. राज्यघटनेचं कलम ३२९ म्हणतं, त्या हुकुमाविरुद्ध कोर्टात जाता येणार नाही. सुप्रीम कोर्टानं २०२४ ला एवढंच म्हटलं की हुकूम उघडउघड मनमानी असेल तर आम्ही बघू. म्हणजे भांडायची खरी वेळ एकच, मसुदा आणि हरकतीच्या मधली.

त्या वेळी आपण कुठं होतो? मी चड्डीत शाळेत जात होतो, मला सूट द्या. पण आपली मोठी माणसं? ती कुठला गट खरा, कुठला खोटा यावर एकमेकांचे स्टेज मोडत होती. आपल्या वस्तीतून कुणी हरकतीचा कागद नेल्याचं मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. ज्यांना ऊस, केळी, सूतगिरणी, बँक सांभाळायची असते ते नकाशा बघतात. आपण निकाल बघतो.

आणि आपण विचारतो काय? "सीट राखीव हाये का?" बस. महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ५ जागा अनुसूचित जातींना: अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर, सोलापूर. २००८ च्या आधी शेजारचा बुलढाणा राखीव होता, तो खुला झाला. धुळं आदिवासींसाठी राखीव होतं, तेही खुलं झालं. जळगाव जिल्ह्यात आपल्या वाट्याला भुसावळ विधानसभा आली. ठीक. पण राखीव जागेवर उभा राहणारा आपला, त्याला तिकीट देणारा आपला नाही, निवडून देणारी बहुसंख्य मतंही आपली नाहीत. तो कोणाला भिईल? सरळ आहे. ज्याच्या हाती त्याचं पुढचं तिकीट आहे त्याला.

गोदीत माल लावायची एक रीत आहे. सगळं वजन एका अंगाला ठेवत नाहीत, नाहीतर जहाज कलतं. इकडं थोडं, तिकडं थोडं. आपली मतं अशीच लावलीत. मेहरूणची जळगावात, भुसावळची रावेरात. कुठंच कलायला नको. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, माझ्याकडं पुरावा नाही. पण मुद्दाम न करताही तसं होतं, कारण वजन करताना आपला माणूस काट्याजवळ नसतो.

बाबासाहेब काट्याजवळ उभे होते. १९३२ च्या जातीय निवाड्यात प्रांतिक कायदेमंडळांत आपल्याला ७१ जागा होत्या, पण निवडणारे आपणच. पुणे करारानं जागा १४८ झाल्या आणि निवडणारे सगळे झाले. आकडा दुपटीवर गेला, किल्ली हातातून गेली. तरी बाबासाहेब थांबले नाहीत, ते मतदानाच्या रीतीशी भांडत राहिले. १९३७ ला मुंबई इलाख्यात एका मतदारसंघात अनेक जागा असत, मतदाराला तितकीच मतं, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देता येत. मताचा हक्कच मोजक्यांना होता, तरी आपल्या माणसांनी सगळी मतं एकावर टाकली. पूर्व खानदेशातून स्वतंत्र मजूर पक्षाचे दौलत गुलाजी जाधव निवडून गेले. १९५२ ला उत्तर मुंबईत दोन जागांचा मतदारसंघ होता, दोन मतं होती, पण दोन्ही एकाला द्यायची सोय काढून टाकलेली. बाबासाहेब चौदा हजारांवर मतांनी पडले. माणूस तोच, लोक तेच. नियमाची एक ओळ बदललेली.

आणि चाळीसगाव. आपल्याच मतदारसंघातलं. २३ ऑक्टोबर १९२९ ला बाबासाहेब धुळ्याहून परत निघाले होते. अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायच्या सरकारी समितीवर होते, कायदेमंडळाचे सभासद होते. चाळीसगावच्या महारवाड्यातल्या लोकांनी रात्रभर ठेवून घेतलं. टांगेवाले त्यांना बसवायला तयार नव्हते. शेवटी एक मालक म्हणाला, टांगा न्या, हाकायला मात्र आमचा माणूस मिळणार नाही. मग आपल्यातल्याच एकानं लगाम धरला. त्यानं आयुष्यात टांगा हाकलेला नव्हता. पुलावर घोडा बिथरला, चाक अडकलं, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पाय मोडला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. मला त्या अनोळखी भावाचा राग येत नाही. त्याला कधी लगाम धरूच दिला नव्हता. पण आज ९० वर्षांवर होऊन गेली, आपण अजून लगाम धरायला शिकलो नाही, तर तो दोष कोणाचा?

कारण पुढची आखणी टळणारी नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं राज्याराज्यांतली जागांची वाटणी १९७१ च्या शिरगणतीवर गोठवली. ८४ व्या दुरुस्तीनं ते गोठणं २०२६ नंतरच्या पहिल्या शिरगणतीपर्यंत लांबवलं. आणि १ मार्च २०२७ ही तारीख धरून शिरगणती करायची, तीत जातही मोजायची, असं सरकारनं २०२५ ला जाहीर केलं. बायकांसाठी एकतृतीयांश जागांची २०२३ ची घटनादुरुस्तीही नव्या आखणीला बांधलेली. म्हणजे नकाशा पुन्हा टेबलावर येणार. हरकतीची मुदत थोडी असते. तेव्हा धावपळ करून मोर्चा निघेल, निवेदन निघणार नाही.

तेव्हा कामाला आत्ताच लागू. कविता पुढच्या अंकात छापू, माझीही मागं ठेवलीय. प्रत्येकानं आपल्या वस्तीचा एक कागद करायचा: वॉर्ड कुठला, बूथ कुठलं, घरं किती, अठरा वर्षांवरची माणसं किती, त्यातली यादीत किती. गेल्या वेळी आमच्या गल्लीतल्या तीन म्हाताऱ्या बूथवरून परत आल्या, नाव नाही म्हणून. कामाला परगावी गेलेल्यांचं नाव कुठं आहे तेही लिहा. आणि तुमच्या वस्तीतून रेघ जाते का, हे तहसिलीतल्या नकाशावर बघून या. दाखवत नाहीत म्हणाले तर लेखी मागा आणि पोच घ्या.

मेहरूणचा कागद मी करतो, तळ्याकाठची बोरं यायच्या आत. भुसावळचे चार वॉर्ड आत्यानं घेतलेत, ती सातवी शिकलीय आणि तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. चाळीसगाव, पाचोरा, अमळनेर आणि वरती चोपडा, मलकापूर अजून कुणी घेतलेलं नाही. कोण घेतंय ते अंकाच्या पत्त्यावर पोस्टकार्डानं कळवा.